समाजाची वीण कशी मोजावी?

रस्त्यात भेटलेल्या एखाद्या गृहस्थाला कोणी विचारले, "काय, कसे काय चालले आहे?" तर तो बहुधा "बरे आहे" एवढेच उत्तर देईल. घरात दुखणे असले तरी "बरे आहे", मुलाला नोकरी लागली असली तरी "बरे आहे". या दोन शब्दांवरून त्याच्या सुखाचा अदमास कोणी बांधू लागला, तर त्याला आपण भोळा म्हणू. परंतु आज जगातील दीडशेच्या आसपास देशांत जवळजवळ असाच एक प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरून राष्ट्रांचे क्रमांक लावले जातात.

प्रश्न असा असतो: एक शिडी कल्पावी. तळाची पायरी शून्य, माथ्याची दहा. माथ्यावर तुम्हाला शक्य असलेले उत्तमात उत्तम आयुष्य आहे, तळाशी वाईटात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? बहुतेक देशांत वर्षाला हजारभर माणसांना हा प्रश्न विचारतात आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात. 'जागतिक आनंद अहवाल' या नावाने २०१२ पासून निघणारी यादी ती हीच. या यादीत २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षे फिनलंडने पहिला क्रमांक राखला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारताचा क्रमांक ११८ वा लागला आणि पाकिस्तानचा १०९ वा.

हा अहवाल २० मार्चच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या, सुमारास प्रसिद्ध होतो. मग आठवडाभर आपल्या वृत्तपत्रांतून दोन प्रकारचे आवाज उठतात. एक पक्ष म्हणतो, पाहा, आपला देश किती दुःखी आहे! दुसरा म्हणतो, ही सारी परदेशी खोड आहे. आमचे सुख आमच्या कुटुंबात आणि सणावारांत आहे, ते यांच्या शिडीला काय दिसणार? मूळ अहवाल उघडून पाहण्याची तसदी मात्र दोन्ही पक्ष सहसा घेत नाहीत. तो उघडला असता, तर निदान एक गैरसमज दूर झाला असता. उत्पन्न, आयुर्मान, अडीअडचणीचा आधार, स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचार या सहा गोष्टींचे गुण जोडून क्रमांक काढला जातो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः क्रमांक ठरतो तो केवळ शिडीच्या उत्तरावर. त्या सहा गोष्टी, एक देश वर आणि दुसरा खाली का, याचा उलगडा करण्यासाठी मागाहून आणलेल्या आहेत.

हजार-दोन हजार माणसांवरून एवढ्या मोठ्या देशाची परीक्षा कशी होणार, हा आक्षेपही फारसा टिकत नाही. शितावरून भाताची परीक्षा प्रत्येक गृहिणी करते. शिते भांड्याच्या निरनिराळ्या भागांतून उचलली म्हणजे झाले. खरी अडचण शितात नाही. ती प्रश्नात आहे, आणि त्याहून अधिक, प्रश्न ऐकणाऱ्या माणसाच्या मनात आहे.

समाजाच्या अंतरंगाला मोजपट्टी लावण्याचा खटाटोप तसा जुना आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम याने १८९७ साली 'आत्महत्या' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी वर्गवारीने लावून दिल्या होत्या. आत्महत्या म्हणजे अगदी खाजगी, एकट्या जिवाची कृती. परंतु दुर्खाइमने दाखविले, की तिचे प्रमाण समाजाच्या विणीबरोबर हलते. मुलाबाळांच्या कुटुंबात राहणाऱ्यांत ते कमी, एकट्या राहणाऱ्यांत जास्त. कॅथलिकांत कमी, प्रॉटेस्टंटांत जास्त. राष्ट्रावर संकट आले आणि लोक एकत्र आले, की ते उतरते. या पद्धतीची मौज अशी, की दुर्खाइमने कोणालाही काहीही विचारले नाही. त्याने फक्त मोजले. पण मोजणीलाही आपला डाग असतोच. जिथे आत्महत्या हे घोर पाप मानले जाते, तिथे घरचे लोक ती अपघात म्हणून नोंदवितात. तेव्हा कॅथलिकांतील फरक कितपत खरा आणि कितपत झाकलेला, असा संशय पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी घेतला, तो अनाठायी नव्हता. आज सुखात अग्रेसर ठरलेल्या फिनलंडमध्ये १९९० साली लाखामागे सुमारे ३० माणसे आत्महत्या करीत होती. त्या देशाने ही गोष्ट लपविली नाही, राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि पुढे ते प्रमाण निम्म्याहून खाली आले.

विसाव्या शतकाने दुसरे एक माप लोकप्रिय केले, ते राष्ट्रीय उत्पन्नाचे. सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली अमेरिकी सिनेटपुढे ते मांडतानाच बजावले होते, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा निष्कर्ष काढता येणार नाही. इशारा कपाटात राहिला, आकडा मात्र राजसिंहासनावर बसला. २००९ साली स्टिग्लिट्झ, अमर्त्य सेन आणि फितूसी यांच्या आयोगाने फ्रान्समध्ये पुन्हा तेच सांगितले. त्यात विशेष नवल नाही.

नवलाचा भाग आहे तो विश्वास मोजण्याच्या प्रयत्नात. माणसे एकमेकांना धरून आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? १९४८ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत, एलिझाबेथ नोएल-नॉयमान या संशोधिकेने लोकांना एक साधा प्रश्न विचारावयास आरंभ केला: बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, असे तुम्हाला वाटते काय? त्या वर्षी शेकडा दहा लोकही "होय" म्हणाले नाहीत. ज्या देशात शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली केली होती, तिथे दुसरे काय उत्तर यावे? परंतु पश्चिम जर्मनीत हाच प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि होकार वाढत वाढत १९९० नंतर शेकडा चाळिसांच्या पुढे गेला. विश्वास हा काही रक्तातून येत नाही, तो एका-दोन पिढ्यांत उगवू शकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणे कठीण.

हाच प्रश्न पुढे देशोदेशी पसरला. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत शेकडा सत्तरांवर लोक होकार देतात. कोलंबिया, पेरू, फिलिपिन्समध्ये शेकडा दहाही देत नाहीत. डेन्मार्कमध्ये आई उपाहारगृहात कॉफी घेते आणि बाळ बाहेर रस्त्याच्या कडेला आपल्या गाडीत झोपलेले असते. १९९७ साली एका डॅनिश मातेने न्यूयॉर्कमध्ये असेच केले. पोलिसांनी तिला अटक केली आणि मूल काही दिवस तिच्यापासून दूर ठेवले. आरोप पुढे मागे घेण्यात आले; पण एका गावची सवय दुसऱ्या गावी गुन्हा कशी ठरते, हे त्या बाईला कळून चुकले.

तथापि "माझा लोकांवर विश्वास आहे" असे म्हणणे वेगळे आणि लोक विश्वासास पात्र असणे वेगळे. बोलण्याऐवजी वागणे तपासावे, म्हणून काही संशोधकांनी जगभर पाकिटे हरविण्याचा उद्योग केला. ४० देशांतील ३५५ शहरांत मिळून १७,००० हून अधिक पाकिटे त्यांच्या साहाय्यकांनी बँका, टपाल कचेऱ्या, नाट्यगृहे, हॉटेले आणि पोलिस ठाणी यांच्या खिडकीवर नेऊन दिली. "हे रस्त्यात सापडले, मी घाईत आहे, आपणच काय ते पाहा," एवढे सांगून ते निघून जात. पाकीट पारदर्शक असे. आत एक किल्ली, किराणा मालाची यादी आणि मालकाचा ई-मेल पत्ता असलेली कार्डे. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत साडेतेरा डॉलरांच्या तोलाची स्थानिक रक्कम होती. भारतही या देशांत होता.

पैसे असलेली पाकिटे कमी परत येतील, असे सामान्य माणसांना वाटले होते आणि अर्थशास्त्रज्ञांचाही होरा तसाच होता. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले, की रिकाम्या पाकिटांपैकी शेकडा ४० परत आली आणि पैसे असलेल्यांपैकी शेकडा ५१! अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत चौऱ्याण्णव डॉलर घालून पाहिले, तेव्हा तिथला आकडा शेकडा ७२ वर गेला. रक्कम जसजशी मोठी होते तसतसे ती न परतविणाऱ्याला आपण चोर ठरत आहोत ही टोचणी अधिक लागते, असा संशोधकांचा तर्क आहे. टोरांटो शहरातील एका छोट्या प्रयोगात २० पाकिटांपैकी १६ परत आली होती. तिथल्या लोकांचा अंदाज मात्र शेकडा पंचविसांच्या आसपास होता. माणूस आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्याला वास्तवापेक्षा पुष्कळच वाईट समजतो, असा याचा अर्थ होतो. मुंबईकरांना यात एक गोष्ट सुखावणारी आहे. रीडर्स डायजेस्ट या मासिकाने २०१३ साली सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटे रस्त्यात टाकली होती, त्यांत हेलसिंकीत अकरा परत आली आणि त्याखालोखाल मुंबईत नऊ. बारा पाकिटांनी शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे, पण अभिमान वाटायला बारा पुरतात.

हे सर्व वाचून, प्रश्न विचारण्यापेक्षा पाकीट टाकणे बरे, असे कोणाला वाटेल. तिथेच चीनची गोष्ट आडवी येते. चाळीस देशांच्या त्या प्रयोगात चीन अगदी तळाशी गेला. आणि हाच चीन "बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो काय" या प्रश्नाला होकार देण्यात मात्र अग्रभागी असतो. मग चिनी माणूस बोलतो एक आणि करतो दुसरे, असे समजावे काय? २०२३ साली चिनी संशोधकांनी आपल्या दहा शहरांत तो प्रयोग पुन्हा केला, पण एक भर घालून. पाकीट ज्याच्या हाती दिले त्याने ई-मेल पाठविला की नाही, एवढेच न पाहता त्याने ते जपून ठेवले की नाही, हेही त्यांनी जाऊन पाहिले. बहुतेकांनी ते जपून ठेवले होते. ई-मेल लिहिण्याची तिथे फारशी रीत नाही. वस्तू सांभाळून ठेवावी, मालक शोधीत येईल, ही रीत आहे. पहिल्या प्रयोगात ई-मेल म्हणजेच प्रामाणिकपणा असे धरले होते, म्हणून खिडकीमागे जपून ठेवलेली ती सारी पाकिटे हिशेबातून गळली.

विश्वासाच्या प्रश्नाचीही अशीच दुसरी बाजू आहे. "बहुतेक माणसे" म्हणजे कोण? नॉर्वेतील माणसाच्या डोळ्यांपुढे आगगाडीतला अनोळखी प्रवासी येतो. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांपुढे गावातली चार ओळखीची घरे येतात. २०११ साली ५१ देशांच्या एका अभ्यासात "बहुतेक माणसे" या शब्दांचे वर्तुळ प्रत्येक देशात केवढे आहे, हे तपासण्यात आले. पूर्व आशियातील अनेक देशांत ते बरेच आखूड निघाले. म्हणजे होकाराचा आकडा मोठा, पण तो आपल्या माणसांपुरता. आता हे प्रश्न वेगवेगळे विचारतात: कुटुंबावर विश्वास आहे का, शेजाऱ्यावर, पहिल्यांदाच भेटलेल्यावर, दुसऱ्या धर्माच्या माणसावर?

मराठी भाषेने मात्र या बाबतीत कोणत्याही पाहणीची वाट पाहिलेली नाही. 'भाऊबंद' म्हणजे रक्ताचे नातलग. आणि 'भाऊबंदकी' म्हणजे? शेताच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या चाललेले कज्जे. जवळची वीण घट्ट असली म्हणजे समाज एकजीव असतोच असे नाही, ही गोष्ट आपल्या खेड्यांना शब्दकोश न उघडता ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच, "संकटात सापडलात तर हमखास धावून येतील असे नातलग वा मित्र तुम्हाला आहेत काय?" या प्रश्नाला भारतात मिळणारा होकार अनेक देशांच्या मानाने कमी भरतो. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना हे पटत नाही. पण आणखीही एक शक्यता आहे. ज्याचे सारे नातलग त्याच्याइतकेच कफल्लक आहेत, त्याला आधार देण्याची त्यांची इच्छा असून उपयोग काय? प्रश्न मायेबद्दल होता की सामर्थ्याबद्दल, हे उत्तर देणाऱ्याने आपापल्या परीने ठरविलेले असते.

आता ज्या उदाहरणाने या साऱ्या मोजमापाचे मर्म उघडे पडते, ते पाहावे. बंगालच्या भीषण दुष्काळाला वर्ष लोटले होते. १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे आरोग्याची एक पाहणी झाली. पत्नी वारलेल्या पुरुषांना आणि पती वारलेल्या स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आले. जवळजवळ निम्मे विधुर म्हणाले, की प्रकृती वाईट किंवा यथातथाच आहे. विधवांपैकी असे म्हणणाऱ्या शंभरात तीनही निघाल्या नाहीत. आणि "यथातथा" असे तर एकही म्हणाली नाही. त्या काळच्या बंगालमधील विधवेचे जिणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा आकडा वाचून काय वाटावे? एकवेळचे अन्न, उपवास, घरातील सर्वांत शेवटचे ताट, आणि तरी "बरे आहे". विधवेच्या प्रकृतीला बरेवाईट काही असते, ही कल्पनाच तिला कोणी करू दिली नव्हती.

अमर्त्य सेन यांनी या पाहणीचा पुन्हा पुन्हा उल्लेख केला आहे, आणि २००२ साली त्यांनी तिच्याच जोडीला दुसरा दाखला ठेवला. भारतात दीर्घायुष्यात केरळ अग्रेसर आणि बिहार पुष्कळ मागे. परंतु "मी आजारी आहे" असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात सर्वांत जास्त आणि बिहारमध्ये कमी. अमेरिकेतील लोक तर केरळीयांपेक्षाही अधिक दुखणी सांगतात. जिथे शाळा आहे, दवाखाना आहे, जिथे ताप आला तर डॉक्टर पाहतो, तिथे दुखण्याला नाव मिळते आणि दुखणे सांगावेसे वाटते. जिथे यांपैकी काहीच नाही, तिथे ते सोसले जाते आणि पाहणी करणाऱ्याला आरोग्य दिसते.

शिडीवरचा भारताचा खालचा क्रमांक हे म्हणून निव्वळ अधोगतीचे चिन्ह ठरत नाही; वाढलेल्या अपेक्षांचीही ती खूण असू शकते. परंतु या युक्तिवादाचा आधार घेऊन सत्तेवरील मंडळी "आमचे लोक तक्रार करतात म्हणजे जागे झाले" असे समाधान मानू लागली, तर ती सिंगूरचीच चूक उलट्या बाजूने होईल. तक्रारीचा अर्थ कळण्यासाठी तिच्याबरोबर हिमोग्लोबिन, बालमृत्यू, मजुरी आणि शाळेची पटनोंद हीही तपासावी लागतात.

एका प्रश्नावर भागत नाही म्हणून भूतानने नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक यांचा राष्ट्रीय सुखाचा सूचकांक रचला. शेजाऱ्यांवरचा विश्वास, झोपेचे तास, सामुदायिक कामाला दिलेला वेळ, सारे त्यात येते. २०१०, २०१५ आणि २०२२ साली त्याच्या पाहण्या झाल्या. रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. पण १९९० च्या सुमारास सुमारे एक लाख नेपाळी भाषिक भूतानी लोकांना त्या देशातून बाहेर पडावे लागले आणि त्यांनी पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढली. २००७ नंतर त्यांतील बहुतेक अमेरिका व इतर देशांत वसले. ज्यांना घरातून काढले, त्यांचे उत्तर घराच्या सुखात धरले जात नाही. सामाजिक एकजुटीचा आकडा पाहताना, मोजणीच्या दिवशी दाराबाहेर कोण होते, हे निर्देशकांच्या यादीत सापडत नसते.

राहता राहिली ती शिडी. ती मुळात हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात डझनभराहून अधिक देशांतील उत्तरे आहेत, आणि भारत त्यांत होता. १९६२ साली भारताची सरासरी ३.७ पायऱ्या भरली; अमेरिकेची त्याच ग्रंथात ६.६ आहे. २०२५ च्या अहवालात भारत सुमारे ४.४ वर आहे, मधल्या काळात तो याहून वरही चढला होता आणि १९६२ पेक्षा खालीही उतरला होता. परंतु कँट्रिलच्या आणि आजच्या पद्धतीत एक फरक पडला आहे. कँट्रिल शिडी आधी दाखवीत नसे. तुमच्या मते सुखाचे आयुष्य कोणते, तुम्हाला कशाची आशा आहे आणि भीती कशाची, हे तो प्रथम माणसाला त्याच्याच शब्दांत सांगू देई, ते सारे लिहून घेई, आणि मग म्हणे, आता सांगा, हे जर माथ्यावर असेल तर आज आपण कुठे आहात. आजच्या पाहणीत ती लांबण उरलेली नाही. शिडीच तेवढी राहिली आहे.

त्या लिहून घेतलेल्या उत्तरांत पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शेतमजुराचे उत्तर आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या त्या माणसाने आपल्या शिडीच्या माथ्यावर काय आहे ते सांगितले: एक मुलगा, जमिनीचा स्वतःचा तुकडा, राहायला घर, दूधतुपासाठी एक गाय आणि बायकोला जरा बरे लुगडे.